सुप्रा गेली, सेलिका येणार. पण घेणार कोण?

टोयोटाच्या स्पोर्ट्‌स कारवर जीव टाकणाऱ्यांना गेल्या काही वर्षांत एक विचित्र अनुभव आला आहे. सतरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर २०१९ मध्ये त्यांची लाडकी सुप्रा परतली आणि पाच वर्षे उलटतात न उलटतात, तोच तिच्या निरोपाची घोषणाही झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने तीनशे गाड्यांची अखेरची विशेष आवृत्ती जाहीर केली आणि २०२६ मध्ये या मॉडेलचे उत्पादन थांबेल, हे स्पष्ट केले. गंमत अशी, की त्याच महिन्यात रॅली जपानच्या निमित्ताने कंपनीचे कार्यकारी उपाध्यक्ष युकी नाकाजिमा यांनी सेलिकावर काम सुरू असल्याचे चाहत्यांसमोर बोलून दाखवले. एका नावाला निरोप आणि दुसऱ्याच्या आगमनाची चाहूल, अशा या योगायोगाने मोटारप्रेमींमधील जुना वाद पुन्हा पेटला आहे. टोयोटाने आपल्या जुन्या स्पोर्ट्‌स कार पुन्हा आणाव्यात का? आणि आणायच्याच, तर कोणासाठी?

हा वाद केवळ हौशी मंडळींचा नाही. वर्षाला एक कोटीच्या घरात वाहने विकणारी कंपनी काही हजारांत खपणाऱ्या गाडीवर किती पैसा आणि किती अभियंते खर्च करते, यावरून तिची पुढची दिशा कळते. त्यामुळेच या चर्चेकडे उद्योगजगताचेही लक्ष आहे.

२००२ चा पूर्णविराम

टोयोटाची प्रतिमा 'विश्वासार्ह, पण नीरस' अशी असली, तरी तिचा इतिहास तसा नाही. यामाहाच्या सहकार्याने घडवलेली २०००जीटी १९६७ मध्ये बाजारात आली आणि जपानही युरोपच्या तोडीची स्पोर्ट्‌स कार बनवू शकतो, हे जगाला कळले. ती जेमतेम साडेतीनशेच्या आसपास बनली. मात्र १९७० च्या अखेरीस आलेल्या सेलिकाने मध्यमवर्गीय तरुणाला परवडणारी देखणी कूपे दिली. याच सेलिकाच्या पोटातून १९७८ मध्ये सुप्रा जन्मली. १९८४ मध्ये इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली छोटी एमआर-२ आली. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत टोयोटाच्या दालनात अशा गाड्यांची रांगच होती.

ही रांग मोडली ती एकाएकी नव्हे. जपानमधील आर्थिक फुगा फुटला, येन वधारल्याने अमेरिकेत किमती चढल्या, आणि ग्राहक कूपे सोडून एसयूव्हीकडे वळला. सुप्राची विक्री अमेरिकेत १९९८ मध्येच थांबली. जपानमध्ये कडक झालेल्या प्रदूषण नियमांनी २००२ मध्ये शेवटचा घाव घातला. त्या एकाच वर्षात सुप्रा, माझ्दाची आरएक्स-७, निसानची स्कायलाइन जीटी-आर आणि सिल्व्हिया यांचे उत्पादन संपले. सेलिकाने २००६ मध्ये, तर एमआर-२ च्या वारसदाराने २००७ मध्ये निरोप घेतला. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सला मागे टाकून टोयोटा विक्रीत जगात पहिली झाली. तेव्हा तिच्याकडे सामान्य खरेदीदाराला परवडेल अशी एकही स्पोर्ट्‌स कार नव्हती.

सुप्राची कीर्ती मात्र ती बंद होतानाच वाढू लागली. २००१ मधील 'द फास्ट अँड द फ्युरिअस' या चित्रपटातील नारिंगी सुप्रा आणि प्लेस्टेशनवरील 'ग्रान तुरिस्मो' यांनी या गाडीचे भक्त अशा शहरांत तयार केले, जिथे ती रस्त्यावर कधी दिसलीच नव्हती. तिच्या तीन लिटर, सहा सिलिंडरच्या इंजिनातून मूळच्या तिप्पट ताकद काढणारे कारागीर जगभर निर्माण झाले. जून २०२१ मध्ये त्या चित्रपटमालिकेतील एक नारिंगी सुप्रा लिलावात साडेपाच लाख डॉलरना विकली गेली. अखेरच्या वर्षांत जिला अमेरिकेत गिऱ्हाईक मिळेनासे झाले होते, तिचीच ही किंमत. नव्या गाडीला पुढे जी स्पर्धा करावी लागली, ती याच आठवणीशी.

भागीदारीचे गणित

चक्र फिरले ते २००९ मध्ये. मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात जागतिक मंदीमुळे टोयोटाला मोठा तोटा झाला आणि जूनमध्ये संस्थापक कुटुंबातील अकिओ टोयोडा अध्यक्ष झाले. कंपनीचे ज्येष्ठ चाचणीचालक हिरोमु नारुसे यांच्या हाताखाली त्यांनी गाडी चालवण्याचे धडे घेतले होते. हे नारुसे जून २०१० मध्ये जर्मनीतील न्युरबर्गरिंगजवळ लेक्सस एलएफएची चाचणी घेताना अपघातात मरण पावले. नीरस गाड्या यापुढे नकोत, ही टोयोडा यांची भूमिका पुढे कंपनीचे धोरणच बनली.

परंतु इच्छा आणि ताळेबंद यांचा मेळ घालणे सोपे नव्हते. स्पोर्ट्‌स कारला लागणारा सांगाडा, इंजिन आणि गिअरबॉक्स सहसा दुसऱ्या कुठल्याही गाडीत वापरता येत नाहीत. खर्च वसूल करायचा, तर आकडा लाखांत हवा. विक्री होते हजारांत. टोयोटाने यावर भागीदारीचा तोडगा काढला. २०१२ ची जीटी८६ सुबारूच्या इंजिनावर आणि सुबारूच्याच कारखान्यात उभी राहिली. सुप्रासाठी बीएमडब्ल्यूशी करार झाला. बीएमडब्ल्यूची झेड४ आणि टोयोटाची सुप्रा या दोन्ही ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मॅग्ना स्टायरच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. इंजिनही बीएमडब्ल्यूचेच.

चाहत्यांमधील पहिली फूट येथे पडली. एका गटाच्या मते जिचे हृदयच जर्मन, ती सुप्रा कसली? दुसऱ्या गटाचे म्हणणे असे, की भागीदारी नसती, तर गाडीच नसती. भारतीय ग्राहकाला हा वाद नवा वाटू नये. २०१९ मध्येच, म्हणजे सुप्रा परतली त्याच वर्षी, मारुतीची बलेनो टोयोटाचे बोधचिन्ह लावून ग्लान्झा म्हणून आपल्या बाजारात उतरली. तेव्हा त्यावर कोणी अश्रू ढाळले नाहीत. कारण रोजच्या वापराच्या हॅचबॅककडून ग्राहकाला मायलेज हवे असते, वंशावळ नव्हे. स्पोर्ट्‌स कारचे तसे नाही. तेथे ग्राहक गाडीबरोबर तिची गोष्टही विकत घेतो, आणि गोष्टीत परके पात्र आले की कुरबुर सुरू होते.

टाळ्या आणि धनादेश

तरीही केवळ 'जर्मन हृदया'ने सुप्रा संपली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गाडी चांगली होती, यावर बहुतेक जाणकारांचे एकमत होते. पहिली सुप्रा जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतील लिलावात धर्मादाय कार्यासाठी २१ लाख डॉलरना गेली, इतका उत्साह होता. पण २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे ६,८०० पर्यंत पोहोचलेली विक्री २०२३ मध्ये २,६०० च्या आसपास आली. मॅन्युअल गिअरबॉक्स हवा, हा चाहत्यांचा आग्रह कंपनीने २०२२ मध्ये पुरवला. त्यानेही घसरण थांबली नाही. याच बाजारात टोयोटाची आरएव्ही४ वर्षाला चार लाखांहून अधिक खपते.

यामागे मागणी करणारे आणि खरेदी करणारे यांच्यातील अंतर आहे. सुप्रा भिंतीवर चिकटवून मोठी झालेली पिढी आता चाळिशीत आहे. तिच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत आणि मागच्या आसनावर मुले. पन्नास हजार डॉलरची दोन आसनी गाडी या कुटुंबात बसत नाही. जे आज विशीत आहेत, त्यांना हौस आहे; पैसे नाहीत. ज्यांच्याकडे पैसे आहेत, त्यांच्यापुढे पोर्शचा पर्याय आहे. तीस हजार डॉलरच्या घरातील जीआर८६ तरुणांना परवडते खरी. पण सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे युरोपमध्ये तिला २०२४ मध्येच बाजार सोडावा लागला. छोट्या, हलक्या आणि स्वस्त स्पोर्ट्‌स कारवर नियमांचा बोजा सर्वाधिक पडतो. कारण नव्या उपकरणांचा खर्च महागड्या गाडीत मुरतो, स्वस्त गाडीत मुरत नाही.

नाव की वस्तू?

पुनरुज्जीवनाला विरोध करणाऱ्यांत सगळेच हिशेबी नाहीत. त्यांच्यातील काही कट्टर चाहतेच आहेत. त्यांना भीती आहे ती नावाच्या अवमूल्यनाची. मित्सुबिशीने आपल्या एक्लिप्स या कूपेचे नाव २०१७ मध्ये एक्लिप्स क्रॉस या एसयूव्हीला दिले. फोर्डने प्युमा या छोट्या कूपेचे नाव क्रॉसओव्हरला चिकटवले. कंपनीच्या दृष्टीने नाव म्हणजे फुकटची ओळख. चाहत्यांच्या दृष्टीने ती फसवणूक. सेलिका परतली आणि ती वजनदार विद्युत गाडी निघाली, तर काय, हा प्रश्न त्यातूनच विचारला जातो. होंडाने २०२५ मध्ये प्रील्यूड परत आणली ती हायब्रिड रूपात आणि मॅन्युअल गिअरबॉक्सविना. तिच्याविषयीची मतेही अशीच विभागली गेली.

विशेष म्हणजे, टोयोटाला अलीकडे सर्वाधिक वाहवा मिळाली ती कोणतेही पौराणिक नाव न घेता. २०२० मधील जीआर यारिस ही जागतिक रॅली स्पर्धेच्या अनुभवातून घडलेली, तीन सिलिंडरच्या १.६ लिटर टर्बो इंजिनाची लहानशी गाडी. इंजिन टोयोटाचे, कारखाना टोयोटाचा. तिच्याविषयी बोलताना कोणी वंशावळ काढली नाही. जानेवारी २०२५ मध्ये टोकियो ऑटो सलूनमध्ये हीच यारिस मध्यभागी बसवलेल्या नव्या दोन लिटर इंजिनासह दाखवली गेली आणि एमआर-२ परतणार, या आशेला धुमारे फुटले.

कारागिरी टिकवण्याचा प्रश्न

मग विक्रीचे आकडे असे असताना कंपनी थांबत का नाही? त्याचे उत्तर डिसेंबर २०२५ मध्ये मिळाले. टोयोटाने जीआर जीटी ही चार लिटर, आठ सिलिंडरच्या हायब्रिड टर्बो इंजिनाची महागाडी सादर केली. ६५० अश्वशक्तीहून अधिक ताकदीचे उद्दिष्ट असलेली आणि अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची ही गाडी २०२७ च्या सुमारास येणार आहे. सोबत लेक्सस एलएफएच्या नावाची विद्युत संकल्पना-गाडीही दाखवण्यात आली. या प्रकल्पाची तुलना कंपनीने 'शिकिनेन सेन्गू'शी केली. जपानमधील इसे येथील शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते. जुने मोडकळीस आले म्हणून नव्हे. तर बांधण्याची विद्या एका पिढीच्या हातून पुढच्या पिढीच्या हाती जावी म्हणून.

या दाखल्यात तथ्य आहे. २०००जीटी घडवणारे अभियंते निवृत्त झाले. एलएफएच्या वेळचे निवृत्तीच्या वाटेवर आहेत. गाडीचा तोल कसा साधायचा, हे संगणकावर शिकता येते, पण पुरते शिकता येत नाही. वीस वर्षांत एकदाही स्पोर्ट्‌स कार न बनवणारी कंपनी ती बनवणे विसरते. टोयोटाने २००७ ते २०१२ या काळात हे अनुभवले, आणि पुढे सुबारू व बीएमडब्ल्यूचे दार ठोठावण्यामागे खर्चाइतकेच हेही कारण होते, असे मानायला जागा आहे. एप्रिल २०२३ मध्ये अध्यक्षपद सोडून चेअरमन झालेल्या टोयोडा यांच्यानंतरही ही विद्या कंपनीत राहावी, यासाठीची ही तजवीज दिसते.

मात्र या उत्तरातून नवा प्रश्न निर्माण होतो. जीआर जीटी ही अतिश्रीमंतांची गाडी असेल. सेलिका आणि एमआर-२ यांचे मोठेपण वेगळे होते. शिक्षिका, कारकून, नुकता नोकरीला लागलेला तरुण यांनाही त्या घेता येत. विद्या टिकली, पण तिचा लाभ लिलावात बोली लावणाऱ्यांपुरता उरला, तर पुनरुज्जीवन अर्धेच म्हणावे लागेल.

महाराष्ट्राचा या कंपनीशी संबंध जुलै २०२४ पासून अधिक जवळचा झाला आहे. छत्रपती संभाजीनगर येथे सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार झाला. तेथून स्पोर्ट्‌स कार बाहेर पडण्याची अपेक्षा कोणी करत नाही. नवी सुप्राही भारतात अधिकृत विक्रीला कधी आली नाही. परंतु इनोव्हा, फॉर्च्युनर आणि हायब्रिड गाड्यांच्या नफ्यावरच असे हौशी प्रकल्प जगतात, हेही विसरून चालणार नाही. बंद पडलेल्या सुप्रासाठी टोयोटा आज जुने सुटे भाग नव्याने बनवून विकते, त्याचाही भार हीच रोजची वाहने उचलतात.

सेलिका कशी असेल, याचा तपशील कंपनीने उघड केलेला नाही. ती आली, तर तिचे यश इंजिन कोणाचे यावर थोडे आणि किंमत किती यावर अधिक ठरेल. कंपनीने आपले काम केले, तरी एक जबाबदारी चाहत्यांवरही उरते. सुप्रा परत यावी म्हणून सतरा वर्षे आवाज उठवणाऱ्यांपैकी फार थोडे जण ती आल्यावर विक्री दालनात पोहोचले. पुढच्या वेळी कंपनी हे आकडे समोर ठेवूनच निर्णय घेईल.