फुकटातून फीकडे जाताना ग्राहक नेमका कशाला चिडतो?

"सर, लोकांना फुकटची सवय लागलीय. पैसे मागितले की पळतात." नव्या उद्योजकांकडून हे वाक्य नेहमी ऐकायला मिळतं. कुणी झूमवर मोफत योगवर्ग घेत असतं, कुणी व्हॉट्सॲप ग्रुपवर केक शिकवत असतं. सहा महिन्यांनी ५०० रुपये फी लावली की अर्धा ग्रुप रिकामा होतो, आणि जाणारे जाता जाता दोन शब्द ऐकवूनही जातात. मग आपण ठरवून टाकतो की ग्राहकच फुकटा.

मला हे पटत नाही. हाच माणूस महिन्याला मोबाईलचा रिचार्ज करतो, दुधाचं बिल देतो, मुलांच्या क्लासची फी भरतो. पैसे द्यायला तो तयार असतो. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. तीन मोठी उदाहरणं बघू, म्हणजे मुद्दा लक्षात येईल.

पहिलं उदाहरण फोटोबकेटचं. ही अमेरिकेतली फोटो ठेवण्याची साइट. लोक इथे मोफत फोटो चढवायचे आणि त्याची लिंक दुसरीकडे वापरायचे. ईबेवर छोटी दुकानं चालवणारेसुद्धा मालाचे फोटो इथूनच दाखवायचे. २०१७ च्या जूनअखेरीस कंपनीने नियम बदलला. फोटो दुसऱ्या साइटवर दिसायला हवे असतील तर वर्षाला ३९९.९९ डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण २५ हजार रुपये भरा! लोकांच्या दुकानातले फोटो गायब झाले आणि त्या जागी 'प्लॅन घ्या' अशी पाटी आली. लोकांनी याला सरळ खंडणी म्हटलं. पुढच्या वर्षी कंपनीला माघार घेऊन स्वस्त प्लॅन आणावे लागले. पण गेलेला विश्वास प्लॅन स्वस्त केल्याने परत येत नाही.

दुसरं उदाहरण गुगल फोटोजचं. २०१५ पासून इथे थोड्या कमी दर्जाचे फोटो अमर्याद आणि मोफत ठेवता यायचे. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने सांगितलं की १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजले जातील. नाराजी झालीच. पण दोन गोष्टी नीट केल्या होत्या. सहा महिन्यांहून जास्त मुदत दिली, आणि त्या तारखेआधी त्या दर्जात ठेवलेले फोटो मोजणीत धरले नाहीत. म्हणजे जुना शब्द जुन्या फोटोंपुरता पाळला.

तिसरं आपल्या घरचं. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं, तेव्हाच सांगितलं होतं की मोफत सेवा ३१ डिसेंबरपर्यंत. नंतर मुदत ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढवली. त्यानंतर ९९ रुपयांची वर्षाची प्राइम मेंबरशिप आणि वर दरमहा रिचार्ज. कंपनीच्या आकड्यांनुसार फेब्रुवारीत १० कोटींहून जास्त ग्राहक होते आणि मार्चअखेर ७ कोटी २० लाख लोकांनी प्राइम घेतलं. 'फुकट्या' म्हणून हिणवलेल्या आपल्याच लोकांनी पैसे भरले! का? मोफतला शेवट आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मागितलेली रक्कम खिशाला झेपणारी होती.

आता आपल्या धंद्याकडे या. मोफत सेवा घेताना ग्राहकही काहीतरी गुंतवतो, हे आपण विसरतो. तो फोटो चढवतो, सवय लावून घेतो, चार ओळखीच्यांना सांगतो. तुमचा सुरुवातीचा प्रचार त्यानेच केलेला असतो. मग एका सकाळी मेसेज येतो, "उद्यापासून फी लागू." त्याला वाटतं, मला अडकवलं. राग या अडकवण्याचा असतो.

दुसरी बाजूही खरी आहे. तुमचा वेळ, डेटा, गॅस, पॅकिंग, सगळ्याला पैसे लागतात. जिओच्या मागे मोठं भांडवल होतं, तुमच्यामागे घरची बचत आहे. फी लावणं यात काहीही चूक नाही, लाज तर अजिबात बाळगू नका. फक्त रीत सांभाळा.

एक, मोफत देतानाच तारीख सांगा. 'पहिले ३० दिवस मोफत, त्यानंतर महिना ३०० रुपये' हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. 'सध्या मोफत' हा शब्द धोक्याचा आहे, कारण ग्राहक त्यातला 'सध्या' विसरतो.

दोन, दिलेलं परत काढून घेऊ नका. जुने रेकॉर्डिंग, जुन्या नोट्स ज्यांना दिल्या त्यांच्याकडे राहू द्या. फी नव्या गोष्टीला लावा.

तीन, बाहेर पडायचा दरवाजा उघडा ठेवा. ज्याला नको त्याला त्याची माहिती, फोटो, हिशोब घेऊन जाऊ द्या. मान राखून सोडलेला ग्राहक उद्या परत येऊ शकतो.

चार, कारण खरं सांगा. 'तुमच्या सोयीसाठी आम्ही फी सुरू करत आहोत' असलं काही लिहू नका, लोकांना कळतं. साधा मेसेज पुरतो: "नमस्कार ताई, गेले चार महिने वर्ग मोफत घेतला. आता रोज दोन तास जातात आणि खर्चही वाढलाय. येत्या १ तारखेऐवजी त्याच्या पुढच्या १ तारखेपासून महिना ३०० रुपये फी असेल. जुने व्हिडिओ तुमच्याकडेच राहतील. जमणार नसेल तरी काही हरकत नाही, मोकळेपणाने सांगा."

एवढं करूनही काही जण जातील, जाऊ द्या. शंभरातले वीस थांबले तरी ते तुमचे खरे ग्राहक. त्यांच्यावर धंदा उभा राहतो.

आणि हो, आपणही कुणाचे तरी मोफत ग्राहक आहोतच. ग्राहकांचे नंबर, मालाचे फोटो, ऑर्डरची यादी फक्त एका मोफत ॲपमध्ये ठेवली असेल तर तुमचं दुकान दुसऱ्याच्या जागेवर आहे. दर महिन्याला एक प्रत स्वतःच्या कॉम्प्युटरवर किंवा साध्या वहीत उतरवा. ईबेवरच्या त्या दुकानदारांकडे फोटोंची प्रत होती त्यांचं काम निदान पुन्हा उभं राहू शकत होतं.

आज एवढंच करा. तुम्ही सध्या काय काय मोफत देताय त्याची यादी काढा आणि प्रत्येकासमोर एक तारीख लिहा. ज्या गोष्टीसमोर तारीख लिहिता येत नाही, ती कायम मोफत देणं परवडेल का, याचा हिशोब आजच मांडा.