जिवाणूंची पहिली ओळख रोगानेच का व्हावी?

भारताचा राष्ट्रीय प्राणी कोणता, असे विचारले तर लहान मूलही ‘वाघ’ म्हणते. राष्ट्रीय सूक्ष्मजीव कोणता, या प्रश्नावर मात्र पदवीचे विद्यार्थीही बहुधा गप्प होतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये हैदराबादला जागतिक जैवविविधता परिषद भरली असताना ‘लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी’ या जिवाणूला हा मान जाहीर झाला. ‘सायन्स एक्स्प्रेस’ या फिरत्या प्रदर्शन-रेल्वेला भेट देणाऱ्या मुलांनी त्याची निवड केली होती. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंपैकी हा एक.

मुलांनी निवडलेला हा मानकरी आज मुलांनाच अपरिचित आहे, कारण त्यांची जिवाणूंशी पहिली भेट रोगांच्या यादीत किंवा जंतुनाशकाच्या जाहिरातीत होते. हा क्रम बदलला पाहिजे, असे माझे मत आहे. आधी निसर्गातील कार्य, मग रोग.

मी भौतिकशास्त्राचा अभ्यासक आहे. म्हणून मला जिवाणूंचे ऊर्जाशास्त्र विशेष थक्क करते. हवेतील नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. खतकारखान्यात तो बंध तोडून अमोनिया तयार करण्यासाठी सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. हिवाळ्यात बंगळुरूच्या बाजारात अवरेकाईचे, म्हणजे आपल्या वालपावट्याच्या शेंगांचे, ढीग लागतात. त्या वेलाच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम गटातील जिवाणू हेच काम मातीच्या साध्या तापमानाला करतात. वेल त्यांना साखर पुरवतो, ते वेलाला नायट्रोजन देतात.

दुसरे उदाहरण आमच्या जे. पी. नगरातले. येथे पुट्टेनहळ्ळी आणि सारक्की ही तळी आहेत, आणि शहरातील अनेक मोठ्या गृहसंकुलांत सांडपाणी शुद्ध करणारी संयंत्रे आहेत. अशा संयंत्राच्या टाकीत सतत हवा सोडली जाते, ती जिवाणूंना प्राणवायू मिळावा म्हणून. ते विरघळलेली घाण खातात, वाढतात, गाळ होऊन तळाशी बसतात आणि वर स्वच्छ पाणी उरते. मॅंचेस्टरमध्ये १९१४ साली मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरात आहे. तेच सांडपाणी प्रक्रियेविना तळ्यात गेले, तर जिवाणू तेथेही घाण खाऊ लागतात. पण हवा पुरवणारे यंत्र नसल्याने पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. येथे जिवाणूंना ‘चांगले’ वा ‘वाईट’ म्हणून काहीच उलगडत नाही. प्राणवायू किती येतो आणि किती खर्च होतो, हा हिशेब मांडावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, रोगांची भीती खोटी आहे काय? मुळीच नाही. क्षयरोगाचे जगातील सुमारे चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत आणि तो रोग जिवाणूंमुळेच होतो. हात धुणे आणि पाणी उकळणे यांना पर्याय नाही. पण भीती हीच एकमेव ओळख राहिली, की प्रत्येक आजारावर ‘जंतू मारणारे औषध’ हवेसे वाटते. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. प्रतिजैविकांचा तिच्यावर परिणाम होत नाही. विनाकारण घेतलेल्या अशा गोळ्यांनी शरीरातील उपयुक्त जिवाणू मरतात, प्रतिरोधक जिवाणू मागे उरतात, आणि खरी गरज पडते तेव्हा औषध निकामी ठरते. ही किंमत पुढील पिढीला मोजावी लागेल.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. या धड्याची सुरुवात तीन वाट्यांनी करावी. एकच दूध, एकच विरजण. एक वाटी फ्रीजमध्ये, एक ओट्यावर, एक कोमट पाण्यात. दर तासाला नोंद घ्यावी. हिवाळ्यात विरजण थोडे अधिक लावावे, हे घरातील मोठ्यांना ठाऊक असते. तापमानाबरोबर जिवाणूंच्या वाढीचा वेग बदलतो, हे त्यामागील कारण विद्यार्थ्यांना स्वतःच्या आकड्यांत दिसेल. मग शेंगवर्गीय रोप उपटून मुळांवरची गाठ कापावी. जिवंत, कार्यरत गाठ आतून गुलाबी दिसते. अनोळखी जिवाणू वर्गात वा घरी वाढवण्याचा खटाटोप मात्र करू नये. या दोन प्रयोगांना फारसा खर्च नाही. रोगांचा धडा त्यानंतर शिकवावा. तो अधिक नीट समजेल.