शिकाऊ उमेदवारीतील आपल्या जागा जातात कुठे?

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. जत तालुक्यातील एक गवंडीकाम करणारे समाजबांधव आपल्या मुलीला घेऊन सांगलीत आमच्याकडे आले. मुलगी बारावीनंतर आयटीआयमधून 'कोपा' म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट हा एक वर्षाचा ट्रेड चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. पिशवीत दोन कागद होते. पहिला पुण्यातील एका प्रशिक्षण केंद्राचा. सव्वा लाख रुपये भरा, मूळ गुणपत्रिका आमच्याकडे ठेवा, दोन वर्षांचा बाँड लिहून द्या, मग मुलीला सॉफ्टवेअर इंजिनियर करतो, असा त्याचा मथितार्थ. दुसरा कागद साताऱ्यातील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचा. एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी आणि दरमहा सात हजार रुपये विद्यावेतन.

बापाचा कल पहिल्या कागदाकडे होता. त्यासाठी कर्ज काढायचीही तयारी होती. "वकीलसाहेब, शिकाऊ म्हणजे पोरीला चहा आणायला ठेवतील," असे ते म्हणाले. आम्ही दुसऱ्या कागदावर सही करायला सांगितले. आज ती मुलगी त्याच कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनियर आहे.

तिचे नाव आम्ही येथे देत नाही. कारण तिची हुशारी हा आजचा विषय नाही. हुशार मुली आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. तिला जी वाट सापडली ती इतरांना का सापडत नाही, हा आजचा विषय आहे.

ती शिकली कशी, हे आधी पाहू. ही कंपनी पतसंस्था आणि दूध संकलन केंद्रांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम तयार करते. पहिले तीन महिने तिने फक्त फोन घेतले. पिग्मीची जमा आणि लेजर जुळत नाही, फॅट टाकला तरी दुधाचा दर येत नाही, अशा तक्रारी. ती प्रत्येक तक्रार वहीत लिहून ठेवी. कोणती तक्रार पुन्हा पुन्हा येते हे तिच्या लक्षात येऊ लागले, तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने तिला शेजारी बसवून ती चूक प्रोग्रॅममध्ये नेमकी कुठे आहे ते दाखवले. सहाव्या महिन्यात महिनाअखेरीच्या व्याजात पडणारा काही पैशांचा फरक तिने स्वतः शोधून दुरुस्त केला. मुक्काम साताऱ्यात आत्याकडे, दिवसा काम आणि रात्री यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या बीसीएचा अभ्यास. पुस्तकात वाचलेले दुसऱ्या दिवशी कामात दिसे. सव्वा लाख रुपये देऊनही हे शिक्षण विकत मिळाले नसते.

ही वाट नवी नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सरकारला सादर केले. केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या माणसांचे भागणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळाले पाहिजे, असे त्यांनी त्यात मांडले. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य मुलांना शिकाऊ म्हणून घ्या, ही मागणीही त्यात होती. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे सांगत होता. आम्ही वकील असूनही हे मुद्दाम लिहितो, कारण काळा कोट आणि सरकारी खुर्ची यांपलीकडे आपल्या घरांतील स्वप्ने अजून फारशी सरकलेली नाहीत. त्या काळी छापखाना आणि रेल्वे हे नवे तंत्र होते. आज ती जागा संगणकाने घेतली आहे.

आता कायदा पाहू. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ सालचा. त्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन कलम ३-अ आले. ठरवून दिलेल्या प्रत्येक व्यवसायात मालकाने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवल्या पाहिजेत, आणि त्यांची संख्या राज्यातील त्यांची लोकसंख्या लक्षात घेऊन ठरवावी, असे हे कलम सांगते. मालक सरकारी की खासगी, असा भेद त्यात नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण द्या म्हणून आपण वर्षानुवर्षे मोर्चे काढतो. ती मागणी रास्तच आहे. पण त्याच खासगी क्षेत्राच्या एका दारावर आरक्षणाची पाटी पन्नास वर्षांहून अधिक काळ लागलेली आहे, आणि ती वाचायला आपण गेलोच नाही.

२०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. साताऱ्याची ती कंपनी पस्तीस माणसांची. तिच्यातील ती एकुलती जागा राखीव नव्हती, पण या सक्तीमुळेच निघाली होती. जेथे शिकाऊंच्या जागा डझनांनी निघतात, तेथे कलम ३-अ खऱ्या अर्थाने लागू पडते. मात्र नियमांत एक पळवाट आहे. राखीव जागेसाठी उमेदवार मिळाला नाही तर ती जागा इतरांमधून भरता येते. उमेदवार उपलब्ध नाही, असा शेरा मारला की काम झाले. आपली मुलगी मात्र त्याच वेळी सव्वा लाखांची जुळवाजुळव करीत असते.

यावर काही कार्यकर्ते म्हणतील की शिकाऊ उमेदवारी म्हणजे स्वस्तात राबवून घेण्याची युक्ती आहे. हा आक्षेप खोटा नाही. कलम १८ नुसार शिकाऊ हा कामगार ठरत नाही. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचे सरसकट बंधन मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कलम २२ प्रमाणे त्याने आपले भरतीचे धोरण स्वतः ठरवायचे आहे. सात हजारांत पुण्यासारख्या शहरात खोलीभाडे भागवून पोट भरत नाही. आमच्या या मुलीला साताऱ्यात आत्या नसती तर काय झाले असते? मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली, ती योग्यच आहे. पण तेवढ्यावर थांबता कामा नये. घरापासून दूर राहणाऱ्या शिकाऊ मुलींना वसतिगृह आणि स्वाधार योजनेसारखा आधार मिळाला पाहिजे, ही मागणी आता चळवळीने हाती घ्यावी. दोष आहे म्हणून दारच सोडून दिले, तर आत दुसरेच जाऊन बसतात.

मग करायचे काय? पहिले, पालकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कायद्याच्या शिकाऊ उमेदवारीत मालक पैसे देतो, घेत नाही. जो पैसे आणि मूळ गुणपत्रिका मागतो, त्याच्या कागदावर सही करू नये. करार नोंदणीकृत आहे ना, हे पाहावे. वाद झाला तर कलम २० प्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे दाद मागता येते. दुसरे, सातारा-सांगलीतील आमच्या वकील मित्रांनी माहितीच्या अधिकारात त्याच सल्लागारांच्या कार्यालयाकडे तीन प्रश्न विचारावेत. आपल्या जिल्ह्यात किती आस्थापनांना शिकाऊ घेणे बंधनकारक आहे, कलम ३-अ नुसार किती जागा राखीव होत्या, आणि त्यांपैकी किती जागा उमेदवार नाही म्हणून इतरांकडे गेल्या? या उत्तरांनंतर निघणाऱ्या मोर्चाच्या हाती आकडे असतील.

तिसरे काम अगदी सोपे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. आपण त्या दिवशी हार घालतो आणि भाषणे करतो. यंदा प्रत्येक वस्तीतील कार्यक्रमात एक टेबल मांडा, त्यावर एक संगणक ठेवा आणि दहावी-बारावी, आयटीआय झालेल्या मुलींची सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर तिथेच नोंद करून द्या. नोंदणीला पैसे लागत नाहीत. टेबलावर बसायला ती जतची मुलगी तयार आहे. आम्ही तिला विचारले आहे.