फॉर्म तपासायचा कुठे? हातातल्या फोनवर की दूरच्या सर्व्हरवर?



प्रवेशाचे दिवस आले की घरोघरी ऑनलाइन फॉर्म भरणे सुरू होते. मोबाइल नंबरात एक आकडा कमी पडतो, आपण 'सबमिट' दाबतो, पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि शेवटी लाल अक्षरांत चूक दिसते. वर भरलेले रकाने पुन्हा कोरे! आपण नेटवर्कला बोल लावून मोकळे होतो. माझं मत विचाराल तर यात पान बनवणाऱ्याचा दोष जास्त असतो.

अहो, 10 आकडे मोजायला सर्व्हर कशाला हवा? ते काम फोनमधला ब्राउझर करू शकतो. 1995 साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आईक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना अवघ्या 10 दिवसांत तयार केला. तेव्हापासून ही सोय आहे. साधारण एक दशांश सेकंदात प्रतिसाद आला तर माणसाला तो 'लगेच' वाटतो, असं जेकब नील्सन यांनी 1993 मध्येच मांडलं होतं. कमकुवत नेटवर्कवर सर्व्हरला हे कुठून जमणार?

बारावीच्या आयटी विषयात जावास्क्रिप्ट आहे, पीएचपीसुद्धा आहे. मुलं दोन्हींतला फरक तक्त्यासकट पाठ करतात. त्यापेक्षा त्यांना विचारा, पिनकोडचे 6 अंक कुठे तपासाल? आणि बैठक क्रमांक खरा आहे की नाही, हे कुठे? पहिलं फोनवरच तपासावं. दुसऱ्याची नोंद सर्व्हरवर असते, म्हणून तिथे जावंच लागतं. शिवाय ब्राउझरमधला कोड कुणीही वाचू आणि बदलू शकतो, त्यामुळे फोनवर तपासलेलंही सर्व्हरने पुन्हा तपासायलाच हवं. (चाचणीची उत्तरं पानाच्या स्क्रिप्टमध्ये ठेवणाऱ्या शिक्षकांनी हे जरूर लक्षात घ्यावं. हुशार पोरं 'व्ह्यू सोर्स' उघडून पाहतात बरं का!)

म्हणून सगळंच स्क्रिप्टवर ढकलावं असंही नाही. जड स्क्रिप्ट चालू असताना स्वस्त फोनवर बटण दाबलं तरी पान ढिम्म हलत नाही.

वर्गात एक प्रयोग करून बघा. फॉर्म पूर्ण उघडू द्या, मग फोन एअरप्लेन मोडवर टाका. नंबराच्या रकान्यात 9 च आकडे लिहा आणि 'सबमिट' दाबा. चुकीची सूचना आली तर तपासणी फोनवर होते आहे. 'इंटरनेट नाही' एवढंच आलं, तर पान सर्व्हरकडे धाव घेतंय. नेहमीच्या चार-पाच फॉर्मवर मुलांना हे करायला लावा आणि काय दिसलं ते खाली जरूर कळवा.