दिवसाला वीस रुपयांचे म्हातारपण

मध्य प्रदेशात निराधार वृद्धांना मिळणारे पेन्शन महिना ६०० रुपये आहे, म्हणजे दिवसाला २० रुपये. एवढ्यात अर्धा लिटर दूधही येत नाही. ऐंशीच्या आतील वृद्धामागे यात केंद्राचा वाटा २०० रुपयांचा. तो २००७ सालापासून तसूभरही हललेला नाही.

आपल्यात असे कोण आहे, असे काही सभासद आम्हाला विचारतात. आहेत. होळकरशाहीपासून इंदुरात राहिलेली आपली घराणी. बाहेरून वाडा दिसतो. आत मागच्या खोलीत एकटी काकू, वाटणीचा दावा कोर्टात, दागिने केव्हाच गेलेले. गिरणीतून सुटलेल्या एखाद्या काकांना भविष्य निधीचे किमान पेन्शन १,००० रुपये, तेही २०१४ पासून तेवढेच. गरिबी रेषेच्या यादीत नाव घालायला जावे तर ‘घर पक्के आहे’ असे ऐकावे लागते. आणि आपण तरी कुठे बोलतो? चार लोकांत घराण्याचे नाव जाईल म्हणून गप्प बसतो.

अडचण केवळ छपराची नाही. आंघोळ घालणे, वेळेवर गोळी देणे, रात्री शौचाला उठवणे, यासाठी माणूस लागतो. बारा तासांची बाई ठेवली तर महिन्याचा खर्च पाच आकडी होतो. वृद्धाश्रमात चौकशी केली की बहुधा पहिला प्रश्न येतो, ‘चालते-फिरते आहेत ना?’ म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच दार बंद. सत्तरीपुढील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, हे चांगलेच झाले. सभासदांनी ते कार्ड जरूर काढावे. पण ते इस्पितळात दाखल झाल्यावर कामाचे. घरी परतलेल्या म्हाताऱ्याची कूस बदलायला त्यातून कोणी येत नाही.

२००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्ध राहतील असा वृद्धाश्रम सांगितला आहे. मात्र तिथे राज्य सरकार असे आश्रम ‘उभारू शकेल’ असे लिहिले आहे, ‘उभारील’ असे नाही. एका क्रियापदाने सरकारची सुटका करून टाकली! वृद्धांची सोय नसली की काय होते, ते याच शहराने जानेवारी २०२१ मध्ये पाहिले. महापालिकेच्या गाडीतून बेघर वृद्धांना शहराबाहेर क्षिप्रेजवळ नेऊन उतरवले गेले. गावकरी आडवे आले तेव्हा त्यांना पुन्हा गाडीत चढवले. अधिकारी निलंबित झाला, खेद व्यक्त झाला. स्वच्छतेचा पहिला क्रमांक मिरवणाऱ्या शहरात हे घडले.

येत्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो आपला मराठी माणूस असला तरी, एकच प्रश्न विचारावा: अंथरुणाला खिळलेल्या निराधार वृद्धांसाठी या जिल्ह्यात सरकारी खाटा किती आणि त्यांच्याजवळ बसणारी माणसे किती? गणेशोत्सवाच्या मंडपाला देणगी देऊन पार्षद मोकळे होतात आणि आपणही टाळ्या वाजवतो. यंदा तेवढ्यावर भागवू नये.

याच कायद्याची आणखी एक बाजू वाड्यांतल्या मंडळींनी ध्यानात घ्यावी. निःसंतान वृद्धाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा वारसाने ज्याला मिळणार आहे, त्या नातेवाइकावरही, ऐपत असल्यास, पोटगीची जबाबदारी येते. पुतण्याला वाडा हवा असेल तर काकूही सांभाळावी लागेल. अर्ज एसडीएमपुढील न्यायाधिकरणात करायचा. वकील लागत नाही.

आपल्या गल्लीतील अशा वृद्धांची माहिती सभासदांनी मंडळाच्या कार्यालयात द्यावी. वय, पेन्शन मिळते की नाही, स्वतः उठता-बसता येते का, एवढे पुरे. नावे मुखपत्रात छापली जाणार नाहीत. यादी झाली की मंगळवारच्या जनसुनवाईत कलेक्टरसाहेबांपुढे ठेवू. त्या दिवशी निदान पंचवीस सभासदांनी बरोबर यावे.