मनगटावरचा गारवा

रजोनिवृत्ती हा आजवर माजघरात, तोही दबक्या आवाजात बोलण्याचा विषय होता. समाजाने जे केले नाही, ते आता बाजाराने केले आहे. त्याने या विषयाला वाचा फोडली आहे. अमेरिकेत मनगटावर बांधावयाचे एक यंत्र सुमारे ३०० डॉलरना विकले जाते. अंगातून उष्णतेची लाट उसळू लागली की कळ दाबायची. यंत्राची पट्टी मनगटाच्या आतल्या बाजूस गार पडते. घड्याळाचा धंदा सोडून पदार्थविज्ञानाकडे वळलेल्या पेल्तिए या फ्रेंच गृहस्थाने १८३४ साली दाखविलेल्या तत्त्वावर ते चालते. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी २०१३ साली त्याचा नमुना केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे रजोनिवृत्त स्त्री नव्हती. इमारती थंड-गरम राखण्यात जळणारी वीज होती. गिऱ्हाईक मागाहून सापडले.

ही लाट मनाचा खेळ नव्हे, हे निदान या निमित्ताने मान्य झाले, ही जमेची बाजू होय. इस्ट्रोजेन घटले की मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र हळवे होते. अंशाच्या अल्पशा भागाइतकी वाढही त्याला सोसत नाही आणि ते शरीराला घाम फोडते. यंत्र या कारणाला हात लावीत नाही, ते केवळ गारव्याची जाणीव देते. त्या जाणिवेचे मोलही कमी लेखू नये. मध्यरात्री घामाघूम होऊन उठणाऱ्या स्त्रीला तासाभराची झोप मिळाली तर तिला शास्त्राचे धडे देण्याचा अधिकार कोणाला नाही. मात्र औषधाचा अंशही नसलेल्या गोळीने लाटांची संख्या निम्म्याहून अधिक घटल्याचे अनेक चाचण्यांच्या एकत्रित पाहणीत आढळले आहे. जाहिरातीतील दावे या कसोटीवर घासून घेतले पाहिजेत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मनगटी घड्याळे आणि अंगठ्या त्वचेचे तापमान, नाडी, झोप यांची नोंद ठेवतात. ती नोंद कोणाच्या मालकीची? पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ या ॲपने स्त्रियांची माहिती बाहेरच्या कंपन्यांना पुरविल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला आणि २०२१ साली त्या कंपनीला तडजोड करावी लागली. नोकरीच्या ठिकाणी खिडकी उघडण्याची, गणवेश बदलण्याची, घटकाभर बसण्याची सोय मागावयाची, ती मालकाकडे. यंत्र हाती आले की तो प्रश्न बाईच्या मनगटापुरता उरतो आणि त्याचा खर्चही तिच्याच पदरात पडतो.

आणि हे यंत्र जिच्यापर्यंत कधीच पोचणार नाही, तिचे काय? बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची सरकारी समितीने २०१९ साली पाहणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी काढलेली’ आढळली; म्हणजे सहांमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शंभरांत तीनच्या आसपास आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, खाडा पडला की दंड. फडात ना संडास, ना पाणी. अशा स्थितीत दुखणाऱ्या पोटावर खाजगी दवाखान्याने सुचविलेला उपाय बाईला सुटका वाटला, यात तिचा दोष नाही. पण पिशवीबरोबर बीजांडेही काढली तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. ती ठेवली तरी ती लवकर येण्याचा संभव वाढतो. चाळिशीच्या आत हाडे ठिसूळ होऊ लागतात, झोप उडते, आणि ऊस तर पहाटेच तोडायचा असतो.

अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला. ज्यांच्या शस्त्रक्रिया होऊन गेल्या, त्यांना मात्र त्याने दिलासा मिळत नाही. साखर कारखान्यांनी फडावर पाणी, सावली आणि संडास पुरवावेत. पाळीच्या दिवसांतील खाड्याचा दंड बंद व्हावा. आणि गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी या १३,८६१ स्त्रियांची हाडे तपासून त्यांना कॅल्शियम व आवश्यक तेथे संप्रेरकांचे उपचार सरकारी दवाखान्यातून विनामूल्य मिळावेत. त्यांची गणना सरकारने स्वतःच केलेली आहे.