विश्लेषण : मेयोनीजपेक्षा दह्याची कोशिंबीर बरी, पण यवतमाळच्या ताटातील कच्ची भाजी कितपत निर्धोक?

सँडविच, बर्गर आणि मोमोजच्या सोबतीने मेयोनीज आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहे. 'सॅलड' म्हणजे चिरलेल्या कच्च्या भाज्यांवर ओतलेले पांढरे, घट्ट ड्रेसिंग, असे समीकरणही रूढ होत आहे. शेजारच्या तेलंगणाने मात्र २०२४ मध्ये कच्च्या अंड्यापासून केलेल्या मेयोनीजवर वर्षभरासाठी बंदी घातली. विदर्भातील घरांत याला दही आणि फल्लीदाण्याच्या कुटाचा पर्याय पूर्वीपासून आहे. त्यामुळे ड्रेसिंगचा प्रश्न सोपा आहे. यवतमाळसारख्या कापूस जिल्ह्यात अवघड प्रश्न आहे तो त्याखालच्या काकडी-टमाटरचा.

तेलंगणाने बंदी का घातली?

पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये हैदराबादमध्ये मोमोज खाल्ल्यानंतर अनेकांना विषबाधा झाली आणि एका महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर ३० ऑक्टोबरला त्या राज्याने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजचे उत्पादन, साठवण आणि विक्री यांवर एक वर्षाची बंदी लागू केली. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूनेही असाच निर्णय घेतला.

यामागचे कारण साधे आहे. पारंपरिक मेयोनीजमधील अंडे शिजवलेले नसते. अंड्यात साल्मोनेला जातीचे जिवाणू असतील आणि ते मिश्रण उघड्यावर राहिले, तर जिवाणू झपाट्याने वाढतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान त्यांच्या वाढीला पोषक मानले जाते. यवतमाळमध्ये उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा हवेत गाडीवर दुपारभर उघडे राहिलेले मेयोनीज म्हणजे धोकाच. बाजारात बिनअंड्याचे मेयोनीजही मिळते. त्यात कच्च्या अंड्याचा धोका नसतो. पण त्याचाही मुख्य घटक बहुधा तेलच असते.

ड्रेसिंग मलईदार कशामुळे होते?

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. मेयोनीजमध्ये अंड्याच्या पिवळ्या बलकातील लेसिथिन हा घटक तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांभोवती वेढा घालतो आणि त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. असे असंख्य थेंब दाटीवाटीने बसले की मिश्रण घट्ट आणि मऊ लागते. म्हणजेच मेयोनीजचा मलईदारपणा मुख्यतः तेलाचा असतो. त्यामुळे त्याच्या एका टेबलस्पूनमधून, म्हणजे सुमारे १५ ग्रॅममधून, साधारण १०० कॅलरी मिळतात.

दह्याचा घट्टपणा वेगळ्या कारणाने येतो. विरजणातील जिवाणू दुधातील साखरेचे आम्लात रूपांतर करतात. आम्ल वाढले की केसिन या प्रथिनाचे जाळे तयार होते आणि पाणी त्यात अडकून राहते. दही फडक्यात बांधून टांगले की जास्तीचे पाणी निघून जाते आणि उरलेले दही सायीसारखे घट्ट होते. त्यात भाजलेल्या दाण्यांचा कूट घातला की दाण्यातील प्रथिने आणि तंतू उरलेले पाणी शोषतात, शिवाय दाण्याचे तेल त्याला गुळगुळीतपणा देते. १०० ग्रॅम दह्यात साधारण ६० कॅलरी असतात. तेव्हा दही आणि कूट घातलेली वाटीभर कोशिंबीर दोन चमचे मेयोनीजपेक्षा हलकी ठरते. शिवाय तिच्यातून प्रथिने आणि कॅल्शियमही मिळते.

घरी कशी करावी?

चार जणांसाठी दोन काकड्या, एक गाजर, एक टमाटर, अर्धा मुळा आणि मूठभर बारीक चिरलेली पत्ताकोबी पुरते. वाटीभर ताजे, आंबट नसलेले दही स्वच्छ फडक्यात अर्धा तास टांगून ठेवावे. शक्यतो ते थंड जागी किंवा फ्रिजमध्ये टांगावे. निघालेले पाणी टाकून न देता भाकरीच्या पिठात घालता येते.

बहुतेकांची कोशिंबीर पाणचट होते ती मिठाच्या वेळेमुळे. मीठ लागताच काकडीच्या पेशींतील पाणी बाहेर येऊ लागते. त्यामुळे दोनच मार्ग उरतात. एक तर चिरलेल्या काकडीला आधी मीठ लावून दहा मिनिटे ठेवावे आणि पिळून घ्यावे, किंवा मीठ अगदी पानावर बसताना घालावे. मीठ, दही आणि भाजी तासभर आधी कालवून ठेवली तर ड्रेसिंग पातळ होणारच.

घट्ट दह्यात तीन चमचे दाण्याचा बारीक कूट, हिरवी मिरची, चिमूटभर साखर आणि चिरलेला सांबार घालून फेटावे. बुरशी आलेले किंवा कडवट दाणे कुटात घेऊ नयेत. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकते आणि ते भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. आवडत असेल तर कुटाऐवजी जवसाची चटणी चालते. एक चमचा तेलात मोहरी, जिरे आणि हिंगाची फोडणी करून ती कोमट झाल्यावर ओतावी. कडकडीत फोडणीने दही फुटते. शेवटी भाज्या घालून लगेच वाढावे. उरलेली कोशिंबीर संध्याकाळसाठी बाहेर ठेवू नये.

हैदराबादस्थित राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत निम्मे ताट भाज्या आणि फळांचे असावे, असे सुचवले आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत, असे सांगते. भाकरी, वरण आणि तिखट रस्सा यांच्या ताटात हे प्रमाण गाठायचे तर रोजची वाटीभर कोशिंबीर हा स्वस्त मार्ग आहे. शिजवल्याने कमी होणारे क जीवनसत्त्वही कच्च्या भाजीतून अधिक मिळते.

मग यवतमाळमध्ये अडचण काय?

'कच्चे खा' हा सल्ला देणारा एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे भाजी निर्धोक आहे. यवतमाळमध्ये तसे सहज गृहीत धरता येत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अनेकांवर उपचार झाले आणि राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. डोक्याच्या वर वाढलेली दाट कपाशी, दमट हवा, संरक्षक साधनांचा अभाव आणि वेगवेगळी औषधे एकत्र मिसळण्याची सवय ही कारणे तेव्हा पुढे आली.

ही विषबाधा भाजी खाल्ल्याने झालेली नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवे. पण तिने एक गोष्ट उघड केली. औषध कोणते, किती आणि केव्हा, याचा सल्ला अनेकदा कृषी अधिकाऱ्याऐवजी दुकानाच्या काउंटरवर मिळतो. ज्या पंपाने कपाशी फवारली, तोच बांधावरच्या वांगी-टमाटरवरही फिरू शकतो. मोनोक्रोटोफॉस या अतिविषारी कीटकनाशकाच्या भाजीपाल्यावरील वापराला देशात २००५ पासून बंदी आहे. मात्र कपाशीसाठी ते त्यानंतरही वर्षानुवर्षे विकले गेले. बाटली शेतात आली की ती कोणत्या पिकावर वापरली जाते, हे पाहायला तिथे कोणी नसते.

दुसरी अडचण भाजी मिळण्याचीच आहे. पूर्वी कपाशीच्या तासांत काकडी, वाळूक, चवळी, अंबाडी आणि भेंडी लावली जात असे. घरच्या कोशिंबिरीची काकडी शेतातूनच येई. आता तणनाशक सहन करणारे, मान्यता नसलेले कापूस बियाणे अनेक ठिकाणी पेरले जाते. ग्लायफोसेटसारखे तणनाशक फवारले की कपाशी उभी राहते. पण तासातील काकडीचा वेल तणाबरोबर जळतो. निंदणाची मजुरी वाचते, हा शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नाही. मात्र त्या बदल्यात घराला काकडी आठवडी बाजारातून विकत आणावी लागते आणि ती कोणी, कशी पिकवली हे कळत नाही.

धुतल्याने औषध जाते का?

काही अंशी जाते. कीटकनाशके ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. स्पर्शजन्य औषध सालीवर राहते आणि धुतल्याने बरेच कमी होते. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात मिसळून फळाच्या आत पोहोचते. ते कोणत्याही धुण्याने पूर्ण निघत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर सालीवरील दोन कीडनाशकांचे अंश निघाले. त्याच प्रयोगात सालीच्या आत शिरलेला भाग मात्र निघाला नाही.

त्यामुळे घरात करता येण्याजोगे उपाय असे : भाजी चिरण्याआधी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणे; शक्य असेल तर सोड्याच्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून पुन्हा धुणे; पत्ताकोबीची बाहेरची पाने काढून टाकणे; शंका असल्यास काकडी आणि गाजर सोलून घेणे. साबण वापरू नये, कारण भाजी तो शोषून घेऊ शकते. चिरल्यानंतर धुण्याचा उपयोग नाही. उलट कापलेल्या भागातून घाण आत जाते आणि जीवनसत्त्वे पाण्यात वाहून जातात.

जबाबदारी फक्त स्वयंपाकघराची कशी?

चर्चा बहुधा इथेच थांबते. 'भाज्या नीट धुवा' असे सांगून सगळा भार घरातील बाईवर टाकला जातो. जिथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी दूरवरून आणावे लागते, तिथे तीन वेळा भाजी धुण्याचा सल्ला देणे सोपे आहे, पाळणे नाही. शिवाय आत शिरलेल्या औषधापुढे धुणे अपुरे पडते. ते शेतातच थांबवावे लागेल.

प्रत्येक कीटकनाशकाला फवारणी आणि तोडणी यांच्यामधला प्रतीक्षा काळ ठरवून दिलेला असतो. तो पाळला तर औषधाचे अंश सहसा मर्यादेत येतात. काकडी, भेंडी आणि टमाटरची तोडणी मात्र एक-दोन दिवसांआड होते. आज फवारलेला माल परवाच्या बाजारात जाऊ नये, यासाठी शेतकऱ्याला नुसता उपदेश करून भागणार नाही. कमी प्रतीक्षा काळाची औषधे, निंबोळी अर्क, कामगंध सापळे आणि त्यासाठीचे मार्गदर्शन गावात मिळाले पाहिजे. २०१७ च्या प्रसंगाची सर्वाधिक झळ शेतमजुरांना बसली. त्यांच्या अंगावर कमी औषध उडावे आणि ग्राहकाच्या ताटात कमी औषध यावे, या दोन्ही गोष्टींसाठी काम एकच आहे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, भाजीपाल्यावर चालणाऱ्या औषधांचा प्रतीक्षा काळ कृषी सेवा केंद्रांनी मराठीत, ठळक अक्षरांत लावावा आणि बिलावरही लिहून द्यावा. बाटलीवरील बारीक मजकूर शेतात कोणी वाचत बसत नाही. विषारीपणाचे रंगीत त्रिकोण बाटलीवर असतातच. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हे भाजी पिकवणाऱ्या प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे.

दुसरी गोष्ट, तपासणी. केंद्र सरकारची कीटकनाशक अंश देखरेख योजना २००५-०६ पासून देशभरातील नमुने तपासते. अशी तपासणी तालुक्याच्या आठवडी बाजारापर्यंत यायला हवी आणि तिचे निष्कर्ष बाजारातल्या फलकावर लागायला हवेत.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. 'उमेद' अभियानाने बचत गटांतील महिलांबरोबर पोषण परसबागांची मोहीम राबवली आहे. तिला कपाशीच्या शेतातील एका राखीव तासाची जोड देता येईल. एकरात एक तास तणनाशकाविना ठेवून त्यात काकडी, चवळी आणि मुळा लावला, तर हंगामात घराची कोशिंबीर निघते आणि त्यावर काय फवारले हेही घराला ठाऊक असते.

मेयोनीज खावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. त्याला पर्याय म्हणून दही आणि दाण्याचा कूट यवतमाळच्या जवळपास प्रत्येक घरात सापडेल. काकडीचे तसे नाही. ती कोणत्या शेतातली आहे आणि तिच्यावर शेवटची फवारणी कधी झाली, हे ग्राहकाला विचारता यावे आणि विकणाऱ्याला सांगता यावे, एवढी व्यवस्था झाली तरच डॉक्टरांनी दिलेला 'कच्चे खा' हा सल्ला या जिल्ह्यात निर्धास्तपणे पाळता येईल.